कचऱ्याच्या बादलीचं विरजण

सातव्या दिवशीही अनूनं तोंड फिरवलं.

नुसतं फिरवलं असतं तर प्रणालीनं मनाची काहीतरी समजूत घातली असती. पण पदराखाली घेतलं की ती सात आठवड्यांची पोर आधी मान इकडेतिकडे करायची, नाक छातीवर घासायची, काही हरवलेलं शोधावं तशी. ते सापडलं नाही की ओठ घट्ट मिटून असा टाहो फोडायची, जणू कुणीतरी तिला एसटी स्टँडवर परक्या बाईच्या हाती देऊन निघून गेलं आहे. आई तर तिथंच होती. दुधानं छाती दगडासारखी झाली होती. पोर मात्र घ्यायला तयार नव्हती.

"माहेरी नीट प्यायची न्हवं?" पद्मावतीबाईंनी दारातूनच विचारलं. त्या प्रणालीच्या सासूबाई, पण ती त्यांना आत्या म्हणायची.

"पिता पिता झोपून जायची, आत्या. इथं येऊन अकरा दिवस झाले. पहिले चार दिवस ठीक होतं."

"पाणी बदललं. नायतर नजर. सव्वा महिन्यानं घरी आलेलं लेकरू, सगळी बिल्डिंग बघून गेली."

नजर काढून झाली होती. डॉक्टरीणबाईंनी तोंडात फोड आहेत का, जीभ चिकटलेली आहे का, कान दुखतोय का, सगळं तपासून झालं होतं. काही नव्हतं. वाटी-चमच्यानं पाजलेलं निम्मं झबल्यावर सांडायचं. चार किलो तीनशेची मुलगी चार किलोवर आली होती. "पुढच्या सोमवारपर्यंत वजन वाढलं नाही, तर मी दाखल करून घेणार," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आज सोमवार होता, हातात एकच आठवडा उरला होता.

प्रणाली वहीत सगळं लिहायची. किती वाजता, कोणत्या कुशीवर, पंखा चालू होता का, आपण काय खाल्लं होतं. लग्नाआधी ती दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती. कॅनचं झाकण उघडायचं, नाक जवळ न्यायचं आणि दोन सेकंदांत सांगायचं, पास की नापास. यंत्रं नंतर, नाक आधी. तिथल्या साहेबांनी तिला एकच शिकवण दिली होती: "बिघडलेल्या दुधाचं कारण दुधात शोधू नका, दुधाच्या आधी काय झालं ते शोधा." ती आठ-दहा पानं भरून बसली होती आणि कारण सापडत नव्हतं.

खाली घंटागाडी आली. दहा दिवसांतून एकदा यायची ती. अभिनंदन, तिचा नवरा, सूतगिरणीतल्या रात्रपाळीहून नुकताच आला होता. तोच ओल्या कचऱ्याची बादली घेऊन गेला. दहा दिवसांची भाजीची देठं, आंब्याच्या कोयी, शिळं अन्न, पोरीला पुसलेले बोळे, सगळं त्या बादलीत होतं आणि वास म्हणाल तर नावाला नव्हता.

याचंच येळवणी गावात कौतुक होतं.

दोन वर्षांपूर्वी नगरपरिषदेनं घरोघरी त्या पुड्या वाटल्या. कचऱ्याचा वास म्हणजे तरी काय? अन्न कुजताना काही बारीक रेणू सुटतात आणि हवेतून नाकात शिरतात. कुजक्या अंड्याचा गंधकी वास, नासक्या लोण्याचं आंबट आम्ल, घामट आम्ल, सडक्या मांसातली दोन-तीन रसायनं. बोटांवर मोजण्याएवढी ही मंडळी, पण नाक नकोसं करून सोडतात. पुडीतले जीवाणू प्रयोगशाळेत असे घडवले होते, की नेमके हेच रेणू त्यांचं अन्न. कचरा कुजायचा, पण त्याचा वास जन्मतःच खाल्ला जायचा. हे जीवाणू मोकाट सुटू नयेत म्हणून त्यांना एक लगामही होता. पुडीत मिसळलेलं एक खास पोषक द्रव्य मिळालं तरच ते जगत, आणि ते सात दिवसांत संपे. आठव्या दिवशी बादलीत मिठाचं उकळतं पाणी ओतायचं, उरलेसुरले मारायचे आणि नवी पुडी टाकायची. पुडीवर तसं चित्रच काढलेलं होतं.

वास गेला तसा तक्रारींचाही आवाज गेला. रोज येणारी घंटागाडी आधी एक दिवसाआड, मग आठवड्यानं आणि आता दहा दिवसांनी यायला लागली. कुणाचं काही अडलं नाही.

पुढं पुड्या कमी मिळू लागल्या, तेव्हा सन्मती अपार्टमेंटच्या आठ घरांचं पद्मावतीबाईंनी निभावलं. आठव्या दिवशी बादलीच्या तळातलं चमचाभर पाणी काढून त्यांनी चिनीमातीच्या बरणीत घातलं, वर भाताची पेज ओतली आणि फडकं बांधून ठेवलं. दही लावतात तसं. पहिल्यांदा जेमतेम जगलं. दुसऱ्यांदा बरं झालं. तिसऱ्या महिन्यात तर असं धरलं, की कंपनीच्या पुडीपेक्षा भारी. मग विरजण मागायला शेजारणी येऊ लागल्या. "पद्माकाकू, आमचं मेलं हो, थोडं द्या." नवरा गेल्यापासून चार भिंतींत बसलेल्या बाईच्या दाराशी दिवसातून चार वाट्या यायला लागल्या. आपल्या हातात गुण आहे असं लोक म्हणतात, हे त्यांनी प्रणालीला फोनवर किती वेळा तरी सांगितलं होतं.

बादली रिकामी करून अभिनंदन वर आला. प्रणालीनं माहेरून आणलेल्या बॅगेतून दुपटी काढायला घेतली. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत तिचा जुना सुती गाऊन होता, धुवायचा राहून तसाच कोंबलेला. पिशवी उघडली आणि भपकन वास आला. आंबूस दूध, घाम, डिंकाचे लाडू, वेखंड, तेल. एरवी तिनं नाक मुरडलं असतं. पण पाळण्यात किरकिरणारी अनू एकदम गप्प झाली. तिनं मान वळवली. बाहुलीसारखे ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

प्रणालीनं गाऊन पिशवीतून ओढून काढला. तिनं तो छातीशी गुंडाळला आणि पोरीला घेतलं. अनूनं कापडात नाक खुपसलं आणि, सात दिवसांत पहिल्यांदा, ओढायला लागली. तीन मिनिटं. मग कापड सरकलं, नाक उघड्या त्वचेला लागलं, आणि पुन्हा तोच टाहो.

प्रणालीनं अंगातल्या ब्लाऊजची बाही नाकाशी धरली. दोन दिवस तोच अंगात होता, दुधानं भिजून वाळलेला. कसलाच वास नाही. काख हुंगली. काही नाही. धुतलेल्या ताटलीला तरी वास असतो.

"अहो, इकडे या. माझा वास घ्या."

अभिनंदन पायमोजे काढत होता. "सकाळी सकाळी काय गं? आई आहे घरात."

"चेष्टा नाही. घ्या."

त्यानं तिच्या मानेशी नाक नेलं. मग केसांशी. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं. "काहीच येत नाही."

"तुमचा मोजा द्या." दहा तास बुटात राहिलेला मोजा तिनं नाकाला लावला. "याचाही नाही. कधीपासून?"

"गिरणीत म्हणतात की मला, मगदूम, तुला घामच येत नाही. मला वाटलं, पाणी जास्त पितो म्हणून." तो ओशाळून म्हणाला, "बरंच वाटत होतं गं."

तिनं नासलेल्या दुधाचे दोन थेंब घेतले. एक उकळून घेतलेल्या चमच्यावर टाकला, दुसरा स्वतःच्या मनगटावर चोळला. अर्ध्या तासानं चमच्याजवळ नाक नेववत नव्हतं. मनगट मात्र कोरडं, स्वच्छ, मुकं होतं.

"कचऱ्यातलं आपल्या अंगावर आलंय," ती म्हणाली.

प्रयोगशाळेतली तिची मैत्रीण तबस्सुम हे ऐकून आधी हसली. "अगं, ते पोषक द्रव्याशिवाय जगतच नाही. कंपनीचा कागद आहे माझ्याकडं." तरी अभिनंदन मोटरसायकलवरून कापसाचे चार बोळे पोचवून आला. एक प्रणालीच्या अंगावरून फिरवलेला, एक त्याच्या, एक जिन्याच्या कठड्यावरून, एक बरणीतला. मंगळवारपर्यंत गाऊनचाही वास गेला होता. बुधवारी सकाळी तबस्सुमचा फोन आला, तेव्हा ती हसत नव्हती.

"चारही बोळ्यांचं काचेच्या बशांत उगवलंय. पोषक द्रव्य न घालता. बाई, तुम्ही घरात केलंय काय?"

मग तिनंच समजावून सांगितलं. लाखात एखादा जीवाणू जन्मतः वेगळा निघतो, ते द्रव्य स्वतःचं स्वतः बनवणारा. पुडी सांगते तसं उकळतं पाणी ओतलं, की इतरांबरोबर तोही मरतो. पण कुणी दर आठवड्याला चमचाभर वाचवत गेलं, तर वाचतो तोच. वर्षभर वाचवलं, तर दुसरा कुणी उरतच नाही. आणि माणसाच्या घामात, सांडलेल्या दुधात त्याच जातीची आम्लं असतात. बादली रिकामी असली तरी त्याला जेवण तयारच.

"आणि बाळ?"

"तुला माहितीये ते. दीड-दोन महिन्यांच्या बाळाला आपला चेहरा धूसरच दिसतो. आई म्हणजे आवाज, ऊब आणि वास. स्तनाच्या काळ्या भागात बारीक ग्रंथी असतात, त्यांच्या वासावर ते तोंड उघडतं. प्रणाली, तुझ्या मुलीच्या लेखी तू घरातच नाहीस."

फोन ठेवल्यावर प्रणाली मोरीत जाऊन बसली आणि नळ सोडून रडली. मग तोंड धुऊन आत्यांकडे गेली.

पद्मावतीबाई पाणी गाळत होत्या. नळाला शुद्ध पाणी येत असलं तरी त्या दुहेरी फडक्यानं गाळायच्या, आणि फडक्यावर न दिसणारे जे जीव राहिले असतील ते वाया जाऊ नयेत म्हणून फडकं विहिरीच्या पाण्यात झटकून यायच्या. मंदिराची विहीर दोन गल्ल्या सोडून होती. ऊन असो, गुडघे दुखोत.

प्रणालीनं सगळं सांगितलं. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवूनही एका वाक्याला चढला. "पुडीवर चित्र होतं, आत्या. उकळतं पाणी ओतायचं म्हणून."

"बघितलं होतं," आत्या म्हणाल्या.

"मग?"

"जित्या जिवांवर उकळतं पाणी?" त्यांनी सरळ तिच्याकडे पाहिलं. "सात दिवस त्यांच्याकडनं घाण उपसून घ्यायची आणि आठव्या दिवशी भाजून मारायचं? माझा हात उचलंना. म्हटलं, राहू दे. चमचाभर पेजेनं माझं काय जातंय."

प्रणालीला वाटलं होतं, काटकसर असेल. किंवा शेजारणींत मिरवायची हौस. बाईनं दया केली होती, आणि ती दया नातीच्या तोंडातलं दूध काढून घेत होती.

"आता मारावं लागेल, आत्या. बरणीतलं, आठही बादल्यांतलं. मिठाच्या उकळत्या पाण्यानं जिना, कठडे, सगळं धुवावं लागेल. रोज नव्यानं अंगावर येणं थांबलं, की आपल्या कातडीवरचे मूळचे जीवाणू हळूहळू त्यांना हटवतात. चार दिवस लागतील, कदाचित आठ. नवी पुडीसुद्धा महिनाभर नको. तिच्यावर हेच पुन्हा पोसतील."

आत्यांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "मी बरणी घेऊन मळ्यात जाते. धाकट्या दिरांच्या वस्तीवर. तुमच्यापासनं लांब ठेवते. आपल्या मरणानं मरू देत की."

"वस्तीवर गोठा आहे."

"मग?"

"तुम्हीच सांगत होता ना, गाय वासराला चाटून वासावर ओळखते. दुसऱ्याचं वासरू लावलं तर लाथ मारते. हे तिथं गेलं, तर कुठल्या गाईला कुठलं वासरू आपलं वाटेल? आणि तिथून पुढं शेळ्या आहेत, कुत्री आहेत, रानात काय काय आहे. सगळी वासावर जगतात, आत्या. आपल्याला बोलता तरी येतं."

आत्या खाली बसल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, अगदी हळू. प्रणाली त्यांच्याजवळ टेकली. आतल्या खोलीत अनू रडत होती. आता तिच्या रडण्यातही जोर नव्हता, मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज येत होता. दोघीही तोच ऐकत होत्या.

"मी ओतते," प्रणाली म्हणाली. "तुम्ही मंदिरात जाऊन या. पाप लागायचं ते मला लागू दे."

"लई शहाणी हायस." आत्यांनी डोळे पुसले. "वाढवली मी. आणि मारायच्या वेळी तुला पुढं करू? चूल पेटव."

पातेल्यात पाणी खळखळायला लागलं तशी त्यांनी मूठभर मीठ टाकलं. सगळ्या जीवांची क्षमा मागायची जी प्रार्थना त्या रोज संध्याकाळी म्हणत, ती पुटपुटली. मग दोन्ही हातांत चिमटे धरून पातेलं उचललं. पाणी बरणीबाहेर सांडलं, पायावर चटका बसला. बरणीतून किंचित वाफ आली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

संध्याकाळी पार्किंगमध्ये आठही घरं जमली. बिल्डिंगचे अध्यक्ष खाडे सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी सगळं ऐकून चष्मा पुसला.

"बाळाबद्दल सहानुभूती आहे. पण व्यवहार बघा. घंटागाडी आजपासून आठ दिवसांनी येणार. बाहेर बेचाळीस तापमान. आठ घरांचा ओला कचरा, त्यात आंब्याचे दिवस. नाक कुठं ठेवायचं आम्ही?"

"चेहऱ्यावरच ठेवा, सर," शिकलगारभाभी म्हणाल्या. त्या तळमजल्यावर राहायच्या, तीन पोरांची आई. "दोन वर्षांमागं काय काढून ठेवलं होतं का?"

लोक हसले. सर मात्र हसले नाहीत. "थट्टा नको. एका घराची अडचण आणि त्रास आठ घरांना—"

"एका घराची कशी?" प्रणाली पुढं झाली. ती चारचौघांत बोलणारी नव्हती, पण शब्द आपोआप आले. "सर, तुमच्या अंगाला वास येतो का, घरी विचारून बघा. आणि अजून एक सांगा सगळ्यांनी. आपण हे विरजण बाहेर कुणाकुणाला दिलंय?"

शिकलगारभाभींचं हसू मावळलं. "मी बहिणीला दिलंय," त्या म्हणाल्या. "मिरजेला. तिची सून आठव्या महिन्यात आहे."

कुणी मावशीला दिलं होतं, कुणी अंगणवाडीत, कुणी गणपती मंडळाच्या स्वयंपाक्याला. खाडे सर सगळ्यांत शेवटी, जमिनीकडे बघत म्हणाले, "मी मुलीला. नागपूरला. तिथं ऑफिसात वाटलं म्हणत होती." त्यांच्या हातातला चष्मा तसाच राहिला. प्रणाली मनात मोजायला लागली आणि मोजणं तिनं सोडून दिलं. तबस्सुमनं कंपनीला, नगरपरिषदेला, वरच्या कार्यालयाला पत्रं पाठवली होती. पत्रं कागदाच्या वेगानं जातात आणि विरजण वाटीच्या.

"यादी करा," मागून आत्या म्हणाल्या. पायाला फडकं बांधून त्या लंगडत पुढं आल्या. "ज्यानं ज्याला दिलं त्याचं नाव लिहा. लांबच्यांना तुम्ही फोन करा. जवळच्यांच्या दारात मी जाते. माझ्या हातचं म्हणून नेलंय, मी सांगितलं तर ऐकतील. नाही ऐकलं तर बसून राहीन दारात."

खाडे सरांनी खिशातून पेन काढलं.

त्याच रात्री आठही बादल्यांत आणि जिन्यावर मिठाचं उकळतं पाणी पडलं. गुरुवारी वास आला. शुक्रवारी तो जिन्यात उतरला, आणि शनिवारी दुपारी तर सन्मती अपार्टमेंटसमोरून जाणारी माणसं रुमाल लावून रस्ता ओलांडू लागली. ज्या नाकांची सवय मोडली होती, त्यांचे फार हाल झाले. तळमजल्यावर कुणाला तरी उलटी झाली. खाडे सर रोज सकाळी नगरपरिषदेत जाऊन, कचऱ्याची एक पिशवी शेजारी ठेवून, साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसत. शनिवारी घंटागाडी आली. वेळापत्रकाच्या पाच दिवस आधी.

आत्या सकाळी बाहेर पडत त्या उन्हं कलल्यावर येत. कुठं चहा मिळे, कुठं दार लावून घेतलं जाई. एका घरी म्हणे बाई भांडली, "तुम्हीच दिलं आणि आता तुम्हीच मारा म्हणता?" आत्यांनी "व्हय बाई, मीच" एवढंच म्हटलं आणि पायरीवर बसल्या.

तबस्सुमनं प्रणालीला साबण लावायला मनाई केली होती. तिच्या अंगावर मूळचं जे काही तग धरून असेल, ते वाढू द्यायचं होतं. गुरुवारपासून तिनं अंघोळ केली नव्हती. केस चिकट झाले होते, गाऊनवर दुधाचे नकाशे पडले होते. सोवळ्याओवळ्याची मोठी धनीण असलेली सासू त्याच सुनेला स्वतःच्या हातानं भरवत होती, कारण पोर मांडीवरून खाली ठेवली की रडायची. वाटी-चमचा चालूच होता. उद्या सोमवार. दवाखान्याची पिशवी अभिनंदननं भरून दाराशी ठेवली होती.

रविवारी दुपारी प्रणालीनं पुन्हा पोरीला कुशीत घेतलं, सवयीनं, काही अपेक्षा न ठेवता. अनूनं मान इकडेतिकडे केली. नाक घासलं. प्रणालीची नजर वाटी-चमच्याकडे गेली. आता ओठ मिटतील, आता टाहो. पण मुलगी थांबली. नाकपुड्या फुलल्या. चिमुकल्या कपाळावर एक आठी पडली, ओळखीचं माणूस लांबून येताना दिसावं आणि नीट दिसू नये, तशी. मग तिनं तोंड उघडलं.

पहिल्या ओढीला इतकं दुखलं की प्रणालीच्या तोंडून आवाज निघाला. तो ऐकून आत्या धावत आल्या आणि दारातच थबकल्या. घुटके ऐकू येत होते. एक, दोन, मग लागोपाठ, हावऱ्यासारखे. दुसऱ्या बाजूनं दूध आपोआप वाहायला लागलं, गाऊन भिजला, मांडी भिजली. प्रणालीच्या डोळ्यांतलं पाणी पोरीच्या टाळूवर टपटप पडत होतं आणि तिला पुसायला हात मोकळा नव्हता.

आत्यांनी पदरानं आधी पोरीची टाळू टिपली, मग सुनेचे डोळे.

"रडतीस कशाला, भरल्या घरात? पोटात जातंय तिच्या, जाऊ दे," त्या म्हणाल्या आणि तिच्या पाठीमागं उशी सारली. "आणि ऐक, ती बाजू रिकामी झाली की लगेच इकडची दे. झोपायच्या आत."